खमिराचे कारागीर : इन्सुलिन आणि काविळीची लस आज कशी तयार होते

खमीर म्हटले की आपल्याला बेकरीचा पाव, नान किंवा खमिरी रोटी आठवते. परंतु ज्या सूक्ष्म जीवांमुळे पीठ फुगते, त्यांना व त्यांच्या जातभाईंना आज औषधे तयार करण्याच्या कामाला जुंपलेले आहे, आणि हे काम पुण्यात, औरंगाबादेत, हैदराबादेत आपल्या शेजारीच उभे राहिले, ही गोष्ट आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

ती ठाऊक असणे का गरजेचे आहे? आमच्या साकोलीसारख्या तालुक्याच्या गावी दोन गोष्टी वारंवार कानावर येतात. पहिली अशी की इन्सुलिन डुकरापासून काढतात, म्हणून ते घेऊ नये. दुसरी अशी की काविळीची लस परक्याच्या रक्तातून बनते, म्हणून ती टोचू नये. गंमत अशी की या दोन्ही गोष्टी निव्वळ अफवा नाहीत. एके काळी त्या खऱ्याच होत्या. पण माल बदलला आणि बाजारातली बोलणी मात्र जुनीच राहिली. जुन्या बोलण्यावर विसंबून एखादा मधुमेही सुई टाळतो, तेव्हा नुकसान त्याच्या डोळ्यांचे, मूत्रपिंडाचे आणि घरातल्या माणसांचे होते.

आम्ही कापडाचे व्यापारी. माल कुठून आला, कोणत्या मागावर विणला, त्यात भेसळ काय आणि भाव कशामुळे उतरला, हे पाहण्याची आम्हाला सवय. त्याच नजरेने आणि त्याच भाषेत हा विषय मांडत आहोत.

नक्षी एकाची, माग दुसऱ्याचा

आपल्या शरीरातील बहुतेक सर्व कामे प्रथिने करतात. इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. रक्तातील साखर पेशींमध्ये पोचवण्याचा हुकूम ते देते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या मण्यांची माळ. इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी असतात, त्यांच्या दोन माळा असतात, एक २१ मण्यांची व दुसरी ३० मण्यांची. कोणता मणी कुठे ओवायचा याची नोंद पेशीतील जनुकात असते.

ज्यांनी जॅकार्डचा माग पाहिला आहे त्यांना हे चटकन उमजेल. साडीच्या काठावर मोर यावा की कोयरी, हे विणकर दर वेळी ठरवत नाही. ते वर टांगलेल्या भोके पाडलेल्या कार्डांवर ठरलेले असते. कार्डे बदलली की तोच माग, तोच विणकर आणि तेच सूत वेगळी नक्षी देते. जनुक म्हणजे हे कार्ड आणि पेशी म्हणजे माग.

आता विचार करा, माणसाच्या इन्सुलिनचे कार्ड काढून खमिराच्या मागावर चढवले तर? खमिराला ते कार्ड कुणाचे आहे याच्याशी देणेघेणे नाही. सजीवांच्या कार्डांची लिपी जवळजवळ एकच आहे. खमीर ते कार्ड वाचते आणि माणसाचे इन्सुलिन विणून देते. अशा जोडणीने तयार झालेल्या प्रथिनाला रिकॉम्बिनंट प्रोटीन, मराठीत पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. ज्या पेशीत हे काम चालते तिला यजमान पेशी म्हणतात. आपण तिला मेजबान म्हणू. पाहुणे कार्ड आणि मेजबान माग, एवढीच या शास्त्राची मूळ कल्पना आहे. १९७८ मध्ये खमिराच्या पेशीत बाहेरून जनुक बसवण्याची रीत शास्त्रज्ञांना साधली आणि तेथून या कामाला वेग आला.

खमीरच का?

हे काम सर्वांत आधी बॅक्टेरियांकडून करून घेण्यात आले. बॅक्टेरिया हा पॉवरलूमसारखा आहे. वेग अफाट, अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. पण त्याला सफाईचे काम येत नाही. माळ ओवून झाल्यावर तिला ठरावीक घडी पडावी लागते, तरच प्रथिन काम करते. बॅक्टेरियात पुष्कळदा घडी चुकते आणि मालाचे गोळे होतात. मग ते गोळे सोडवून पुन्हा घडी घालण्याचा वेगळा खर्च येतो.

दुसऱ्या टोकाला प्राण्यांच्या पेशी आहेत. या म्हणजे पैठणी विणणारे उस्ताद. काम अतिशय नाजूक आणि हुबेहूब, पण सावकाश, खर्चिक आणि नखरेलही. त्यांना खायला महाग लागते आणि जरा काही बिघडले की त्या मरतात.

खमीर मधोमध बसते. त्याची पेशी बॅक्टेरियापेक्षा मोठी, सुमारे पाच मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. आपल्या पेशीप्रमाणे तिच्यात केंद्रक आहे, घडी घालण्याचे आणि माल बाहेर पाठवण्याचे स्वतंत्र खाते आहे. दीड-दोन तासांत ती दुप्पट होते. खाणे साधे, साखर किंवा ग्लिसरीन आणि क्षार. शिवाय माणसाला या जिवाचा हजारो वर्षांचा परिचय आहे. म्हणजे हुन्नर बऱ्यापैकी आणि मजुरी परवडणारी.

या कामात तीन जाती विशेष वापरल्या जातात. पहिली बेकरीचीच, सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. दुसरी पिचिया पास्टोरिस आणि तिसरी हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा. या दोघींना शास्त्रज्ञांनी आता नवी नावे दिली असली तरी कारखान्यांत जुनीच नावे रुळली आहेत. शेवटच्या दोन जाती मिथेनॉलवरही जगू शकतात.

पिचियाची कहाणी व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील फिलिप्स पेट्रोलियम या तेल कंपनीने मिथेनॉलवर ही जात वाढवून जनावरांसाठी प्रथिनयुक्त खाद्य करायचे ठरवले. तेवढ्यात १९७३ चे तेलसंकट आले, मिथेनॉल महागले आणि सोयाबीनसमोर हे खाद्य टिकेना. धंदा बसला. पण दाटीवाटीने खमीर वाढवण्याचे जे तंत्र हाती आले होते ते त्यांनी फेकून दिले नाही. १९८० च्या दशकात तेच तंत्र मौल्यवान प्रथिने बनवण्याकडे वळवले गेले. किलोने विकायच्या मालात तोटा आला, तेच यंत्र मिलिग्रॅमने विकायच्या मालात नफ्याचे ठरले.

इन्सुलिन : डुकराच्या ग्रंथीपासून खमिरापर्यंत

१९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा रोग्याला टोचले गेले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे जगभरचे इन्सुलिन कत्तलखान्यांतून येत असे. गाई-बैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून ते काढत. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून फक्त एका मण्याने वेगळे आहे, गाईचे तीन मण्यांनी. आठ हजार पौंड ग्रंथी जमवाव्या तेव्हा एक पौंड इन्सुलिन मिळे. रोज ४० युनिट घेणाऱ्या रोग्याला वर्षाला साधारण अर्धा ग्रॅम इन्सुलिन लागते. म्हणजे त्या एकट्यासाठी चार किलो ग्रंथी. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात जी शंका होती ती निराधार नव्हती.

१९८२ मध्ये अमेरिकेत एली लिली कंपनीचे मानवी इन्सुलिन मंजूर झाले, ते बॅक्टेरियाकडून करून घेतलेले होते. १९८७ मध्ये डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने बेकरीच्या खमिराकडून ते करून घेतले. भारतात २००३ मध्ये वोक्हार्ट कंपनीने वोसुलिन या नावाने मानवी इन्सुलिन बाजारात आणले. त्यासाठी हॅन्सेन्युला खमीर वापरले होते आणि या कंपनीचे जैवतंत्राचे काम औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात उभे राहिले. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, बंगलोरच्या बायोकॉनने पिचिया खमिरातून तयार केलेले इन्सुलिन आणले. युरोप-अमेरिकेच्या दोन-तीन कंपन्यांच्या मुठीत असलेला माल असा आपल्याकडे तयार होऊ लागला.

तेव्हा बाटलीवर ह्यूमन इन्सुलिन असे छापलेले असेल तर त्याचा अर्थ ते माणसाच्या शरीरातून काढले असा होत नाही आणि डुकराच्या ग्रंथीतून काढले असाही होत नाही. नक्षी माणसाची, विणकर खमीर किंवा बॅक्टेरिया. जुन्या प्राणिज मालावर पोर्साइन म्हणजे डुकराचे, बोव्हाइन म्हणजे गाई-बैलाचे, असे लिहिलेले असे.

आणखी एक बाब प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खमीर पुष्कळदा इन्सुलिनची अख्खी लांब माळ देते आणि ती योग्य जागी कापावी लागते. या कापणीसाठी ट्रिप्सिन नावाचे एन्झाइम वापरतात. पूर्वी हे ट्रिप्सिन डुकराच्या ग्रंथीतून येई. आता तेही पुनर्संयोजित पद्धतीने तयार झालेले मिळते. ज्याला अधिक खात्री हवी त्याने त्या कंपनीला लिहून विचारावे, तो ग्राहकाचा हक्क आहे. शरीअतचा निर्णय उलेमांनी द्यायचा असतो. पण त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जाताना माल खरोखर कशाचा आहे हे नीट सांगता आले पाहिजे. चुकीचा नमुना दाखवला तर भावही चुकीचाच सांगितला जातो.

मिथेनॉल आणि मद्याबद्दलही काही जण विचारतात. खमीर कमी हवेत साखर आंबवते तेव्हा मद्यार्क तयार होतो, हे मोहफुलांच्या आपल्या मुलखात कुणाला सांगायला नको. या कारखान्यात हेतू उलटा असतो. हवा भरपूर आणि खाद्य हात राखून देतात, म्हणजे खमीर मद्यार्काऐवजी स्वतःची वाढ करते. मिथेनॉल दिले तर ते खमिराचे खाद्य म्हणून. उरलेसुरले शुद्धीकरणात काढून टाकतात.

काविळीची लस आणि उतरलेला भाव

हिपॅटायटिस बी ही काविळीची वाईट जात. ती पाण्यातून नव्हे, रक्तातून पसरते. आईकडून बाळाला होते. न उकळलेली सुई, न्हाव्याचा वापरलेला वस्तरा, कान टोचण्याचे किंवा खतन्याचे अस्वच्छ हत्यार यांतूनही होते. काहींच्या शरीरात हा विषाणू वर्षानुवर्षे मुक्काम करतो आणि यकृत सुकवतो, पुढे कर्करोगही होतो.

१९८१ मध्ये अमेरिकेत आलेली पहिली लस खरोखरच रक्तापासून बनत होती. हा विषाणू अंगात बाळगणाऱ्या माणसांच्या रक्तातून विषाणूचे वरचे कवच वेगळे करून ती तयार करत. १९८६ मध्ये मर्क कंपनीने बेकरीच्या खमिरात या कवचाचे जनुक बसवून नवी लस आणली. खमिरात तयार झालेली कवचे आपोआप एकमेकांना चिकटून इवले गोळे बनतात, दिसायला विषाणूसारखे, पण आत बियाणे नाही. मोकळे टरफल पेरले तर पीक उगवत नाही. तशी ही लस आजार देऊ शकत नाही. शरीर मात्र टरफल पाहून खऱ्या चोराची ओळख पटवून ठेवते.

लस चांगली, पण भाव परदेशी. १९९० च्या दशकात आयात केलेल्या एका डोसला शेकडो रुपये पडत आणि डोस तीन लागत. विणकराचे पाच जणांचे कुटुंब हा खर्च कसा करणार? हैदराबादचे के. आय. वरप्रसाद रेड्डी हे शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. त्यांनी १९९३ मध्ये शांता बायोटेक्निक्स ही कंपनी काढली. हा धंदा नवा, बँकांना तो कळत नव्हता. तेव्हा ओमानचे परराष्ट्रमंत्री युसुफ बिन अलावी यांनी भांडवल घातले. १९९७ मध्ये पिचिया खमिरात तयार झालेली शानव्हॅक-बी ही लस बाजारात आली, भारतात तयार झालेले हे पहिले पुनर्संयोजित औषध. २००० मध्ये वोक्हार्टने जर्मनीच्या राइन बायोटेक कंपनीच्या हॅन्सेन्युला तंत्रावर बायोव्हॅक-बी ही लस आणली. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये पुण्यात स्थापन केलेली सीरम इन्स्टिट्यूटही याच जातीच्या खमिरातून ही लस करू लागली.

एकाच पेठेत चार दुकाने झाली की जे होते तेच झाले. शेकड्यांत असलेला भाव दहांत आला. भाव उतरला म्हणून सरकारला ही लस सर्व बालकांना फुकट देणे परवडले. आज बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत तिचा पहिला डोस आणि पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांना पाच रोगांच्या एकत्रित लसीतून तिचे डोस सरकारी दवाखान्यात दिले जातात.

प्रौढांसाठी एका डोसमध्ये या प्रथिनाचे साधारण २० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे एक ग्रॅम शुद्ध मालात ५० हजार डोस. कापडाच्या कोणत्याही ताग्याला हा हिशेब लागू पडत नाही.

पुण्याचे काम इथे थांबले नाही. स्त्रियांना होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची सर्व्हाव्हॅक ही लस सीरमने हॅन्सेन्युला खमिरातच तयार केली. २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली व २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आली. ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर तयार केलेल्या मलेरियाच्या आर-२१ लसीतही हेच खमीर आहे. त्यात मलेरियाच्या जंतूचा तुकडा काविळीच्या त्याच कवचाला जोडून विणलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिची शिफारस केली आणि २०२४ पासून आफ्रिकेतील मुलांना ती दिली जाऊ लागली.

कारखान्यात काय चालते

सुरुवात बियाण्यापासून होते. कार्ड नीट बसलेले एकच खमीर निवडतात, त्याचा वंश वाढवून शेकडो बारीक कुप्यांत अतिथंड ठेवतात. दर घाणीला एक कुपी काढायची. म्हणजे पहिल्या घाणीचा आणि शंभराव्या घाणीचा माल एकाच वाणाचा. नुसत्या खमिराच्या मूळ जाती जपण्यासाठीही सरकारी संग्रह आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा असा राष्ट्रीय संग्रह आहे.

कुपीतले खमीर आधी फ्लास्कमध्ये, मग लहान टाकीत आणि शेवटी मोठ्या पोलादी टाकीत जाते. तापमान, आम्लता आणि हवा यांवर अखंड लक्ष असते. पिचियाला आधी ग्लिसरीन देऊन नुसते वाढू देतात. एका लिटरमध्ये कोरड्या वजनाने शंभर ग्रॅमपर्यंत खमीर दाटते. मग खाद्य बदलून मिथेनॉल सोडतात. पाहुण्या कार्डाची कळ मिथेनॉलला जोडलेली असते, त्यामुळे माग आता सुरू होतो. आधी कामगार जमवायचे, मग काम सुरू करायचे, असा हा हिशेब.

काही प्रथिने खमीर बाहेर रसात सोडते, ती गोळा करणे सोपे. काविळीचे कवच मात्र आतच राहते, त्यासाठी खमीर फोडावे लागते. त्यानंतर शुद्धीकरण, आणि खरा खर्च व खरे कसब इथे आहे. गाळण, स्तंभांतून एकामागून एक पाझरवणे, तपासणी, पुन्हा तपासणी. धुलाई-रंगाईत कसर राहिली तर कापडाला डाग पडतो, इथे कसर राहिली तर रोग्याला बाधा होते. शेवटी बाटलीत जिवंत खमीर उरत नाही. लसीत खमिराच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून ज्याला खमिराची तीव्र ॲलर्जी आहे त्याने डॉक्टरांना आधी सांगावे.

खमिराची हद्द

खमिराला सर्व काही जमते असे नाही. पुष्कळ मानवी प्रथिनांवर साखरेच्या कणांची झालर असते. बॅक्टेरिया सहसा तशी झालर लावत नाही. खमीर लावते, पण स्वतःच्या पद्धतीची आणि फार लांब. शरीर तिला परकी समजते. इन्सुलिनला झालर नसते, म्हणून तेथे खमीर चालते. मूत्रपिंडाच्या रोग्यांना रक्तवाढीसाठी देतात ते एरिथ्रोपोएटिन मात्र झालरीवाचून टिकत नाही. ते हॅमस्टर नावाच्या प्राण्याच्या पेशींत करतात आणि महाग पडते.

औषधाबाहेरही हे तंत्र पोचले आहे. चीजचे दूध फाडायला वासराच्या पोटातील रेनेट लागे. त्यातील मुख्य एन्झाइम कायमोसिन आज दुधातल्या एका खमिरातूनही करतात. आमच्या धंद्यात सुताची कांजी काढायला आणि कापडावरची लव साफ करायला एन्झाइमे वापरतात. ती बॅक्टेरिया आणि बुरशीकडून येतात, पण जिवाला कारागीर करण्याची रीत तीच.

घरी काय जपावे

माल नाजूक आहे. लस आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात राहिले पाहिजे. उन्हाळ्यात आमच्या भागात पारा पंचेचाळिशीला जातो, वीज जाते. नागपुराहून शंभर किलोमीटर बसमधून इन्सुलिन आणायचे तर बर्फाची पिशवी सोबत हवी, पण बाटली बर्फाला चिकटू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन आणि गोठलेली लस दोन्ही वाया जातात, वितळल्यावर ती दिसायला ठीक असली तरी वापरू नयेत. फ्रिज नसेल तर चालू बाटली ओल्या माठात, पाणी आत जाणार नाही अशी ठेवावी आणि पाकिटावरची मुदत पाळावी.

दुसरी दक्षता मापाची. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, पेनातील नळ्या १०० च्या. ४० च्या बाटलीला ४० चीच सिरिंज घ्यावी, तिचे टोपण लाल असते. १०० च्या सिरिंजचे टोपण नारिंगी. वाराच्या पट्टीने मीटर मोजले तर जे होईल तेच इथे होते, फक्त तोटा पैशांचा नसून जिवाचा असतो.

तिसरी गोष्ट लसीची. न्हावी, दवाखान्यात काम करणारे, खतना करणारे, ज्यांच्या घरात या काविळीचा रोगी आहे असे सर्व, यांनी डॉक्टरांना विचारून मोठ्या वयातही तीन डोस घ्यावेत. पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. दोन घेऊन तिसरा विसरणारे पुष्कळ असतात. काठाशिवाय लुगडे आपण गिऱ्हाइकाला पुरे म्हणून देत नाही, तसे हेही समजावे.

आणि आपल्या घरातील मुलगा-मुलगी विज्ञान शाखेत असेल तर त्यांना हा विषय जरूर दाखवावा. टाकी सांभाळणारे, शुद्धीकरण करणारे, तपासणी करणारे असे अनेक हात या कारखान्यांना लागतात. सूत ओळखणाऱ्या, मापात एक दोरा इकडचा तिकडे न होऊ देणाऱ्या कारागिरांच्या घरांत ती नजर आधीपासूनच आहे.